मॉरिशसला जाऊन न पाहिलेल्या गोष्टी

मॉरिशसला जायचं नक्की झालं तेव्हा हॉटेलांचे फोटो बघण्याआधी मी तिथला वारा कुठून येतो ते शोधलं. नवरा म्हणाला, "शिडाचं जहाज घेऊन जाणार आहेस का?" पण समुद्रावर नुसतं लोळायला जायचं असेल तर वारा हीच पहिली चौकशी. मे ते सप्टेंबर, कधी ऑक्टोबरपर्यंतही, तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्वेचा बेल मारसारखा किनारा त्या दिवसांत चांगलाच वाऱ्याचा. शिडं आणि पतंग घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांची तिथे चंगळ असते, पण आपण चादर अंथरायला जावं तर आपल्याआधी तिच्यावर वाळू बसते. वायव्येचा किनारा मधल्या डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे शांत. आम्ही भाऊबीज आटोपून निघणार होतो, तोपर्यंत वारा मंदावतो, पाऊस वर्षातला सगळ्यांत कमी असतो आणि चक्रीवादळांचे खरे महिने, जानेवारी ते मार्च, अजून लांब असतात. तेव्हा वायव्येला ट्रू ओ बीश नावाच्या गावी राहायचं ठरलं.

दुसरी चौकशी पाण्याची. आमच्यात माझ्या सासूबाई, म्हणजे आई, सत्तरीच्या पुढच्या आणि पोहता न येणाऱ्या. धाकटा चिरंजीव तर पोहता येतं असं स्वतःच जाहीर केलेला, म्हणजे जास्तच धोक्याचा. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाच्या भिंतीचा वेढा आहे, सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. किनाऱ्यावरून बघितलं तर लांबवर एक पांढरी रेघ दिसते आणि वाऱ्याची दिशा असेल तर तिचा घुमणारा आवाज येतो. त्या रेघेच्या अलीकडे उथळ, संथ खाजण. तिथे त्याला लगून म्हणतात. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. कोकणात सकाळी पायाशी असलेला समुद्र दुपारी पार लांब जाऊन बसतो, तसं इथे होत नाही. त्यामुळे कितीही वाजता गेलं तरी पाणी आपल्या जागेवर. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ही भिंत तुटलेली आहे आणि तिथे समुद्र सरळ कड्यांवर येऊन आदळतो. बघायला भव्य, पण पाण्यात उतरायचं नाही. एकाच छोट्या बेटावर हे दोन्ही समुद्र आहेत, म्हणून "मॉरिशसला जातोय" एवढ्याने काहीच ठरत नाही, कोणत्या बाजूला ते ठरवावं लागतं.

घर शोधताना माझ्या अटी अगदी गद्य होत्या. तळमजला, कारण आईंचे गुडघे. स्वयंपाकघर, कारण बाहेरचं खाणं दिवसातून दोनदा कुणालाच झेपत नाही. आणि वाळूपर्यंतचं अंतर ओल्या अंगाने, पंचा गुंडाळून चालता येईल एवढंच. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. समुद्र चालत पोचण्याजोगा असेल तरच माणसं हवं तेव्हा जातात आणि कंटाळली की उठून येतात. गाडीने जायचं म्हटलं की सगळ्यांनी एकदम तयार व्हायचं, एकदम निघायचं, आणि एकाला शू लागली की सगळ्यांची सहल संपली.

समुद्राला लागून असलेलं महागडं रिसॉर्ट घ्यायची गरज नव्हती, आणि त्यामागे तिथल्या कायद्याची गंमत आहे. फ्रेंच राजवटीपासून किनाऱ्यालगतची ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मानली जाते, तिला पा जिओमेत्रिक म्हणतात. हॉटेलं ती भाडेपट्ट्याने घेतात, पण भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची. पंचतारांकित हॉटेलच्या समोरून चालत गेलं तरी कुणी हटकू शकत नाही. आरामखुर्च्या त्यांच्या, समुद्र आपला. शिवाय ट्रू ओ बीश आणि शेजारच्या मों श्वाझीला मोठे सार्वजनिक किनारे आहेत, सुरूच्या बनातले. आम्ही रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला साधा फ्लॅट घेतला. रस्ता ओलांडला की सुरू, सुरू ओलांडले की वाळू.

कागदपत्रांचं फार काही नाही. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर मोफत मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवता आलं पाहिजे. निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. फराळाचे डबे होतेच, तेव्हा खाण्याचे पदार्थ आणले आहेत असं मी सांगून टाकलं. अधिकाऱ्याने चकलीचा डबा उघडला, वास घेतला आणि हसून परत दिला. ताजी फळं, भाज्या, बिया असलं काही मात्र नेऊ नये, परवान्याशिवाय आत सोडत नाहीत. कढीपत्त्याची जुडी नेण्याचा मोह आईंना झाला होता. तिथल्या बाजारात तो ढिगाने मिळतो, नावही ओळखीचं, कारीपुले.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. विमानतळ आग्नेयेला, आमचं गाव वायव्येला, म्हणजे सगळं बेट तिरकं ओलांडून जायचं. तरी सव्वा-दीड तासात पोचलो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येच अचानक उभे राहिलेले सुळक्यांसारखे डोंगर. शेतांत काळ्या दगडांचे रचलेले ढीग दिसतात. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना वेचून काढलेले. थोरली म्हणाली, "हे तर घाटातले दगड आहेत." तिचं म्हणणं भलतंच बरोबर निघालं. भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा उफाळून दख्खनचं पठार झालं, त्याच ठिकाणाने पुढे मालदीवची रांग, मग मॉरिशस आणि शेवटी शेजारचं रीयुनियन बेट घडवलं. रीयुनियनवरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे सह्याद्रीचा दगड आणि हा दगड एकाच भट्टीतले, मधे भारत उत्तरेला सरकला इतकंच. टॅक्सीवाल्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही पाहुणे कसले?" आणि भाडं मात्र ठरलेलंच घेतलं. टॅक्सीत बसण्याआधी भाडं बोलून घ्यायचं, हे तिथे पक्कं लक्षात ठेवावं.

घड्याळ तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे. हा फरक सुट्टीला फार सोयीचा निघाला. घरी साडेसहाला उठणारी माणसं तिथे कुणी न उठवता पाचला जागी. साडेपाचच्या आत सूर्य वर येतो. सहा वाजता आम्ही किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावर आमच्याखेरीज चालणारे दोन-चार म्हातारे आणि कुत्री. पाणी आरशासारखं. पहिल्या दिवशी पाय बुडवल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द, "गार!" नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथलं पाणी चोवीस-पंचवीस अंशांचं असतं, आपल्या अरबी समुद्राच्या मानाने थंडच. दहा मिनिटांनी सवय होते, पण ती दहा मिनिटं काढायला कुणाला तरी आधी उतरावं लागतं.

दहानंतर मात्र ऊन सोसवत नाही. विसाव्या अक्षांशावरचं बेट, नोव्हेंबरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. वारा गार असल्याने चटका कळत नाही आणि संध्याकाळी खांदे पेटतात. मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घातले होते, तेवढं क्रीम आपोआप वाचलं. दहा ते तीन घरात, जेवण, झोप, पत्ते. तीननंतर पुन्हा समुद्र. सव्वासहाला सूर्यास्त, सातला अंधार, नऊला सगळे गाढ. वेळापत्रक म्हणावं तर हेच.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस आमच्या घरात चक्क चुळबुळ चालू होती. आजवरच्या आमच्या सगळ्या सहली 'पॉइंट'वाल्या. सकाळी सातला नाश्ता, आठला बस, दुपारपर्यंत तीन पॉइंट, जेवून आणखी चार. त्या सवयीच्या माणसाला सकाळी अकरा वाजता काहीच करायचं नसतं तेव्हा तो काय करतो? फोन उघडतो आणि आपण काय बघत नाही आहोत त्याची यादी काढतो. नवरा रोज दुपारी वाचून दाखवायचा. शामारेलची सात रंगांची माती. ग्रां बासांचं गंगा तलाव आणि तिथला एकशे आठ फुटांचा शंकर. ल मॉर्नचा डोंगर. पाम्प्लेमूसच्या बागेतली कमळाची परातीएवढी पानं. इल ओ सर्फ नावाचं बेट. "इतक्या लांब येऊन हे बघितलं नाही तर लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे त्याच्या ऑफिसातले तिघे आणि माझी नणंद. थोरलीची चुळबुळ वेगळी, तिची रेंज आणि वायफायवरून. धाकट्याला पाण्यातून बाहेर यायचं नव्हतं, तेव्हा त्याचा प्रश्नच नाही. आईंना सतत वाटायचं की आपल्यामुळे सगळे अडकून पडलेत.

यावर मी काही केलं नाही. खरोखरच काही नाही. चुळबुळ आपोआप बसते असा माझा अंदाज होता आणि ती बसली. कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, पण एका दुपारी लक्षात आलं की नवरा वाचून दाखवत नाहीये. बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या अननसवाल्याकडे बघतोय. तो अननसवाला बघण्यासारखाच होता. तिथला अननस लहान, हाताच्या मुठीत मावेल असा, फार गोड. तो माणूस देठ धरून फळ उलटं घ्यायचा, साल काढायचा आणि मग सुरीने डोळ्यांच्या रेषेत तिरके चर पाडत गोल फिरवत न्यायचा. डोळे सगळे निघून जातात आणि फळावर मळसूत्राची नक्षी उरते. देठ तसाच, धरायला. वरून मिठात कुटलेली मिरची. नवऱ्याने पुढे घरी सुरी घेऊन प्रयत्न केला. नक्षी आली नाही, पण अननस खाण्याजोगा उरला.

आता आईंची गोष्ट, कारण या सुट्टीतली सर्वांत मोठी घडामोड तीच.

मुलांसाठी काचेचे मास्क आणि श्वासाच्या नळ्या आणल्या होत्या. दोघं पालथी पडून मासे बघत तरंगायची आणि बाहेर येऊन इतकं बोलायची की आई एकदा सहज म्हणाल्या, "मला नाही का गं दिसणार?" मी लगेच पाण्यात नेलं नाही. आधी वाळूवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, नळी तोंडात दिली आणि म्हटलं, "आई, नाकाचं विसरा. फक्त तोंडाने श्वास घ्या." मास्क लावला की नाक बंद होतं आणि नवख्या माणसाला तिथेच घाबरायला होतं. पाण्यात घाबरण्यापेक्षा खुर्चीत घाबरलेलं बरं. त्या बसून राहिल्या, नळीतून फुस्स-फुस्स करत. जाणारे-येणारे बघत होते. त्यांनी तसंच डोळे मिटून घेतले, जणू प्राणायामाला बसल्यात.

मग मास्कच्या भानगडी. केसांची एक बट जरी कडेखाली राहिली तरी पाणी आत झिरपतं, म्हणून अंबाडा वर बांधून सगळे केस मागे घेतले. काचेवर धुकं धरू नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात, तो उपाय आईंना मुळीच मान्य नव्हता. मग लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब चोळला, तोही चालतो. एवढं करून कमरेभर पाण्यात उभ्या राहिल्या, मी एक हात धरला, थोरलीने दुसरा, आणि त्यांनी वाकून तोंड पाण्यात घातलं. दोन सेकंदांत वर. "काही दिसत नाही, मधे लाल लाल आहे." बघितलं तर कपाळावरची टिकली सुटून काचेला आतून चिकटली होती.

टिकली काढली. पुन्हा वाकल्या. या वेळी वर आल्याच नाहीत. हात घट्ट धरलेला, नळीतून श्वास नीट चाललेला, आणि पाण्यातून हुंकार येत होते. आम्ही तिघी उभ्या होतो त्यामुळे पायाखालची वाळू ढवळली जात होती. अशी वाळू ढवळली की मासे जवळ येतात, त्यातले किडे टिपायला. हनुवटीखाली दोन मिशा असलेले मासे तर त्या मिशांनीच वाळू उकरतात. ते आईंच्या घोट्यांपाशी जमले होते. पिवळे-काळे पट्टे असलेले छोटे मासे मध्येच घुसत होते. बराच वेळाने त्या वर आल्या, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या पायाशी बाजार भरलाय!"

त्यानंतर रोज सकाळी त्यांना पाण्यात न्यावं लागलं. तरंगायला काही तयार झाल्या नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही. कमरेभर पाण्यात, वाकून, हात धरून. गुडघ्यांना पाण्यात वजन लागत नाही हे त्यांना तिथे कळलं. रस्त्यावर दहा मिनिटं न चालणाऱ्या बाई पाण्यात अर्धा तास चालायच्या.

किनाऱ्याजवळचं प्रवाळ मात्र जाहिरातीत दाखवतात तसं रंगीत नाही, हे सांगायला हवं. बरंचसं मेलेलं, राखाडी, मोडलेलं. समुद्राचं तापमान वाढतंय त्याचा फटका आहेच, आणि माणसांच्या पायांचाही. मध्ये काळे समुद्री साप असावेत असं वाटणारे प्राणी पसरलेले असतात, त्या समुद्री काकड्या. वाळू खाऊन स्वच्छ करून बाहेर टाकतात, निरुपद्रवी. दगडांच्या फटींत काळे काटेरी समुद्री अर्चिन असतात, ते निरुपद्रवी नाहीत. दगडमासा तर दिसतच नाही आणि त्याचा काटा विषारी. म्हणून घट्ट बसणाऱ्या रबरी बुटांशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्या सुट्टीतला एकमेव सक्तीचा नियम. दुसरं म्हणजे पाण्यात तरंगत्या बोयांनी पोहण्याची हद्द आखलेली असते. तिच्यापलीकडे मोटारबोटी सुसाट जातात, आणि पालथ्या पडलेल्या माणसाला बोट दिसत नाही, बोटवाल्याला माणूस.

रविवारी किनारा ओळखू येत नाही. आठवडाभर आपला वाटणारा समुद्र सकाळी नऊपासून भरायला लागतो. बसगाड्या भरून कुटुंबं येतात, सुरूच्या झाडांना चादरी बांधून तंबू होतात, बिर्याणीची पातेली, गॅसच्या शेगड्या, आजीबाईंच्या घडीच्या खुर्च्या. दुपारी कुणी तरी रावान काढतं. हे बकरीच्या कातड्याचं मोठं, चपटं डफासारखं वाद्य. आधी जाळ करून त्यावर तापवतात, मगच ते बोलतं. मग सेगा. गुलामांनी जन्माला घातलेलं हे गाणं आणि नाच, पाय वाळूतून न उचलता कमरेतून नाचायचं. २०१४ साली युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली, पण किनाऱ्यावर नाचणाऱ्या मावशींना त्याचं काही नव्हतं, त्यांनी थोरलीला हाताला धरून ओढलं. वायफायवाली मुलगी तासभर नाचली.

शेजारच्या तंबूतल्या बाईंनी आईंच्या कपाळाकडे बघून विचारलं, मराठी का? त्यांचं माहेर मराठी. बोलायला क्रिओल आणि फ्रेंच, मराठी थोडी शाळेतली, पण गणपतीच्या आरत्या पाठ. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन याच लगूनमध्ये होतं. झाकरी नाचतात का, असं त्यांनी आम्हालाच विचारलं. कोकणात जाखडी म्हणतात, असं म्हटल्यावर त्यांनी आपल्या नवऱ्याला बोलावून ही बातमी सांगितली. त्यांच्याकडची डाळपुरी आम्ही खाल्ली, आमच्याकडची उरलेली करंजी त्यांनी. तिथली डाळपुरी पातळ, मऊ, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, गोडाचा पत्ता नाही. आत वालासारख्या दाण्यांची भाजी आणि चटणी घालून गुंडाळतात. खाताना रस कोपरापर्यंत येतो, तेव्हा समुद्राजवळच खावी.

दोन नोव्हेंबरलाही अशीच गर्दी होती, कारण त्या दिवशी तिथे सुट्टी असते. १८३४ साली त्या तारखेला गिरमिटिया, म्हणजे कराराने आणलेल्या भारतीय मजुरांना घेऊन ॲटलस जहाज राजधानी पोर्ट लुईला लागलं. आईंना हे कळल्यावर त्यांनी सुट्टीभरात एकच मागणी केली, तो धक्का बघायचा. गर्दीचे दिवस ओसरल्यावर बसने पोर्ट लुईला गेलो. बस त्रिओले गावातून जाते, खिडक्या उघड्या, वेग भन्नाट. आप्रवासी घाट छोटासा आहे. दगडी भिंती, खोल्यांचे अवशेष, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. साडेचार लाखांहून जास्त माणसं मजुरीच्या करारावर या बेटावर उतरली, त्यातली मुंबई बंदरातून आलेलीही थोडीथोडकी नव्हती. २००६ साली हे जागतिक वारसास्थळ झालं. आई पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांना कुणी सांगितलं होतं का, कुठे चाललोय ते?" मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. कित्येकांना सांगितलं नव्हतं, किंवा खोटं सांगितलं होतं, एवढंच माहीत होतं. मुलं तिथे शहाण्यासारखी वागली. परतताना बाजारात अलुडा प्यायलो, म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, आणि दुपारच्या झोपेला घरी.

नवऱ्याच्या यादीचं काय झालं? तो एके दिवशी एकटाच गेला. पहाटे टॅक्सी ठरवून दक्षिणेची सगळी यादी करून आला: माती, तलाव, धबधबा, डोंगर. रात्री दमून पण खुशीत परतला, फोटो दाखवले, आम्ही ते मनापासून बघितले. मला हा तोडगा फार आवडला. कुटुंबाने सुट्टीला एकत्र जायचं म्हणजे प्रत्येक तास एकत्र घालवायचा असं कुठे आहे? मीही एक दुपार कुणाला न घेता मों श्वाझीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि सुरूखाली झोपून आले. सुरूची छोटी काटेरी फळं पाठीला टोचतात, चादर जाड हवी. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींना मात्र आम्ही सगळ्यांनीच नकार दिला. चार डॉल्फिन आणि त्यांच्यामागे वीस बोटी, असे व्हिडिओ आधी बघितले होते. पाठलाग करून बघण्यात मजा नाही.

पैशांबद्दल दोन वाक्यं. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या दरम्यान पडतो, आणि नोटेवर देवनागरी बघून धाकट्याला वाटलं आपलेच पैसे आहेत. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, रविवारी तर दुपारीच, तेव्हा दूध-पावाची तजवीज शनिवारी.

निघायच्या आदल्या रात्री धाकट्याच्या खजिन्याची झडती झाली. शंख, प्रवाळाचे तुकडे, एक खेकड्याची नांगी. प्रवाळ आणि शंख उचलणं आणि देशाबाहेर नेणं तिथे बेकायदा आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. खरं तर ती पांढरी वाळू म्हणजेच प्रवाळाचा चुरा. पोपटमासे प्रवाळ चावून खातात आणि बारीक वाळू बाहेर टाकतात. ही माहिती त्याला आधी सांगितली, म्हणजे माशाची शी घरी न नेण्याबद्दल त्याला फार दुःख झालं नाही. सकाळी तो सगळं परत टाकून आला. नांगी खिशात होती ती विमानतळाच्या वाटेवर वासाने सापडली.

विमान रात्रीचं होतं आणि खोली सकाळी सोडायची. मालकीणबाईंनी सामान ठेवून घेतलं आणि बागेतल्या नळाखाली अंघोळीची परवानगी दिली, म्हणून शेवटची सकाळही पाण्यातच गेली. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या कप्प्यात, म्हणजे घरी पोचल्यावर आधी हाताला लागतात. आईंनी त्यांचा मास्क कुणाला पिशवीत कोंबू दिला नाही. पंच्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. टॅक्सीत बसल्यावर म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय तसं धूसरच दिसत होतं हो. नंबर घालून मिळतो का गं हा?"

मिळतो. मागवलाय.